एका फोटोला दोन हार

मु. बौद्धवाडी, पो. कडाव, ता. कर्जत
२९ डिसेंबर

आदरणीय पारूआजी,

जय भीम. तुम्ही मला ओळखत नाही. मी मेघा. तुमचे धाकटे दीर वाल्मिक, त्यांच्या नरेशची मुलगी. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली. ते तुमचं नाव घेत नसत, आणि मी विचारलं की बिडी पेटवून ओट्यावर जाऊन बसत.

तुमच्या घरी फोन केला की राजेशकाका उचलतात. पहिल्यांदा म्हणाले, आई बाजारात गेली. मग म्हणाले, आई झोपली. काल म्हणाले, "पन्नास वर्षं कुनाला आठवन नाय झाली, आताच कशी काय?" म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राच्या तोंडावर फोन आपटता येत नाही.

मला एकच गोष्ट विचारायची आहे. आमच्या वाडीच्या विहाराच्या अंगणात सव्वीस जानेवारीला दगड बसवायचा आहे. पदूआजोबा पासष्टच्या लढाईत गेले, चंदरआजोबा एकाहत्तरच्या. एका आईचे दोन मुलगे देशासाठी गेले आणि या तालुक्यात कुठे त्यांचं नाव लिहिलेलं नाही. कॉलेजात इतिहास शिकताना मला याची लाज वाटायची. पदवी झाल्यावर पहिलं काम हेच करायचं ठरवलं होतं. घरात पहिलीच पदवीधर असल्यामुळे अर्ज लिहिण्यापासून भांडणं मिटवण्यापर्यंत सगळं तसंही माझ्याकडेच येतं.

दगड काळ्या ग्रॅनाइटचा आहे. त्यावर मशीनने चेहरे कोरणार. आणि घरात फोटो एकच आहे. टोपी घातलेला, मिशी फुटत आलेला, उजवा कान जरा बाहेर. दोघांच्याही स्मृतिदिनाला त्या एका फोटोला दोन हार घालतात. पणजीचा, म्हणजे तुमच्या सासूबाई शकूबाईंचा, तसा नियमच होता. फोटो कुणाचा असं कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "माझ्या पोरांचा." त्यापुढे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

आता त्या नाहीत, आजोबाही नाहीत. पप्पा म्हणतात पदू. पप्पांची आत्या, म्हणजे तुमची नणंद गोदाआत्या, सकाळी म्हणते पदू आणि जेवणानंतर म्हणते चंदर. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण हे ती मान्य करत नाही. सैनिक कार्यालयात जाऊन आले. त्यांच्याकडे नावं आहेत, चेहरे नाहीत.

चंदरआजोबांची पत्नी म्हणून तुम्हीच एक उरला आहात ज्या नक्की सांगू शकता. फोटोची प्रत सोबत ठेवली आहे. हा चंदर की पदू? फक्त एक शब्द कळवा. माझा नंबर खाली आहे.

मेघा नरेश

*

६ जानेवारी

आदरणीय पारूआजी,

तुमच्या नातीचा, समिधाचा, मोबाइलवर निरोप आला. "पत्र मिळालं. आजी बघते." मी लगेच विचारलं, काय बघते? तिने अंगठा पाठवला. मी पुन्हा विचारलं. तिने हात जोडलेले पाठवले.

आजी, मी एक शब्द मागितला होता. नुसतं "चंदर" किंवा नुसतं "पदू". एवढ्यात तर माझं सगळं पत्र नव्याने लिहून झालं असतं.

इकडे काय चाललं आहे ते सांगते, म्हणजे घाई का आहे ते कळेल. विहार समितीचे अध्यक्ष मिलिंदकाका म्हणाले, दगड बसेपर्यंत नाक्यावर फ्लेक्स तरी लावू. दगड आणि फ्लेक्स दोन्हींचं काम कर्जतच्या रूपेशकडे आहे. मी त्याला समजावून सांगितलं की फोटो एकच आहे, कुणाचा ते ठरायचं आहे, तोवर नुसती नावं टाक. तो म्हणाला, "ताई, टेन्शन नको घेऊ."

काल फ्लेक्स लागला. त्यावर दोन भाऊ आहेत. शेजारीशेजारी, एकमेकांकडे बघणारे. एकाचा उजवा कान बाहेर, दुसऱ्याचा डावा. एकाची टोपी इकडे कललेली, दुसऱ्याची तिकडे. रूपेशने तोच फोटो उलटा करून दुसरा भाऊ तयार केला! वर "शहिद" लिहिलं आहे, "हि" ऱ्हस्व. मी फोन केला तर म्हणतो, "अगं भाऊच ना ते? भाऊ सारखेच दिसतात."

नाक्यावर निवृत्त सुभेदार भालेराव चहा पीत बसले होते. त्यांनी मला हाक मारली. "ए पोरी, हा दुसरा कुठल्या देशाच्या पलटणीत होता गं? आमच्याकडे टोपी अशी घातली असती तर हवालदाराने मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या." सगळी टपरी हसली. मीही हसले, आणि घरी येऊन रडले.

सगळ्यात राग कशाचा आला सांगू? घरी कुणालाच त्यात काही चुकलेलं दिसलं नाही. पप्पा टेंपो थांबवून फ्लेक्सचा फोटो काढून आले. म्हणाले, "मस्त दिसतात दोघं." मी म्हणाले, "पप्पा, ते दोघं नाहीत, एकच आहे." तर म्हणतात, "मग काय झालं? घरी पन एकच हाय की." गोदाआत्याला मोबाइलवर दाखवला. तिने डावीकडच्याला ओळखलं, पदू. उजवीकडच्याला ओळखलं, चंदर. आणि पदर डोळ्याला लावला.

फ्लेक्स फाडता येतो आजी, ग्रॅनाइट फाडता येत नाही. रूपेशने विचारलं आहे, दगडावर पण असंच करू का? वीस तारखेपर्यंत मला त्याला नाव द्यायचं आहे. एक माणूस खरोखर जगला आणि खरोखर मेला, त्याचा चेहरा दुसऱ्याच्या नावाखाली जाणार आणि उन्हापावसात तसाच राहणार. मला हे होऊ द्यायचं नाही.

तुमचा आमच्या घरावर राग असेल. तो धरा. मला फक्त नाव सांगा.

मेघा

*

१२ जानेवारी

आदरणीय पारूआजी,

आता तुम्ही काही सांगायची गरज राहिली नाही. मला कळलं आहे.

आज स्कॅन करण्यासाठी फोटो फ्रेममधून बाहेर काढला. पाठीमागचे खिळे गंजलेले होते, पुठ्ठ्याचा भुगा झाला होता. फोटो फ्रेमपेक्षा रुंद आहे. फ्रेमच्या लाकडाखाली बोटभर भाग झाकलेला होता. त्यात खुर्चीची पाठ दिसते, आणि खुर्चीच्या पाठीवर चार बोटं. बाईची. एक बांगडी अर्धी दिसते. त्यापुढे फोटो कापलेला आहे.

म्हणजे हा जोडीचा फोटो आहे. नवरा खुर्चीत बसलेला, बायको बाजूला उभी, हात खुर्चीवर. पदूआजोबांचं लग्नच झालं नव्हतं. तेव्हा हा चंदरआजोबांचा, आणि ती बोटं तुमची.

आजी, मी त्या चार बोटांकडे किती वेळ बघत बसले ते सांगत नाही. मग पप्पांना दाखवलं. आमचं जोरात भांडण झालं.

"मला काय म्हाईत? माझ्या जन्माआधी कापला असंल."

"कुणी कापला ते तरी माहीत असेल."

"आजीनं कापला असंल. पारूकाकी सोडून गेली ना घर."

"सोडून गेली? अठरा वर्षांच्या विधवेला पंधरा वर्षांच्या दिराशी लावून देत होते, ती नाही म्हणाली, म्हणून तुम्ही तिला सोडून गेली म्हणता?" हे मला गोदाआत्याने मागे एकदा सांगितलं होतं.

पप्पा म्हणाले, "आवाज खाली. तो दीर म्हंजे माझा बाप हाय." मग टेंपोची किल्ली उचलत म्हणाले, "ती हो म्हनली असती तर तू झालीच नसतीस. ते बघ आधी." हे बोलून ते टेंपो घेऊन निघून गेले, जणू त्यांनी काही मोठं सिद्ध केलं.

पंचशील रोज म्हणायचं, समतेवर भाषणं द्यायची, आणि घरातल्या बाईला कात्रीने कापून काढायचं. मला या घराची लाज वाटते. मी या घराची शिकलेली मुलगी म्हणून तुमची माफी मागते. ती अपुरी आहे हे मला कळतं.

मी ठरवलं आहे. फोटोखाली चंदरआजोबांचं नाव येईल. आणि त्यांच्या नावाखाली ओळ येईल, "वीरपत्नी पारूबाई". तुम्ही पुढे दुसरं लग्न केलंत म्हणून ती ओळ येऊ नये असं मिलिंदकाका म्हणाले. मी म्हणाले, मग दगडावर मीच येऊन बसते. रूपेशला वीस तारखेला तसंच सांगते. सव्वीसला तुम्ही यायचंच. पप्पांचा टेंपो नाही, मी रीतसर गाडी पाठवते. अनावरण तुमच्या हातून.

पन्नास वर्षांनी का होईना, तुमची जागा तुम्हाला मिळेल.

तुमची नात (मी आता असंच लिहिणार),
मेघा

*

१८ जानेवारी

पारूआजी,

काल समिधाच्या मोबाइलवरून तुमचा फोन आला आणि तुमचं पहिलंच वाक्य होतं, "एवढं लिवतेस कशाला गं? वाचून वाचून या पोरीचा घसा बसला." मी अहोजाहो करायला लागले तर म्हणालात, "मी काय तलाठी हाय? आजी म्हंतेस ना, मग तू म्हन."

ठीक आहे. तू.

काल तू बोललीस ते पुन्हा लिहून काढते आहे. मी फोनवर मधेमधे फार बोलले, त्यामुळे नीट ऐकलं की नाही अशी शंका आहे. चुकलं असेल तर समिधाला सांग.

तू म्हणालीस, फोटो चंदरचाच. लग्नानंतर तो सुट्टीवर आला तेव्हा कर्जतला स्टुडिओत काढलेला. तू नवी चप्पल घातली होतीस, ती चावत होती, म्हणून खुर्चीला धरून उभी होतीस. "फोटोवाला म्हने हासा. मी म्हनलं, आधी चप्पल काढू दे."

मग मी विचारलं, कापला कुणी? शकूपणजीने? आणि तू म्हणालीस, "मीच."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तू पुन्हा म्हणालीस. "मीच कापला. कातरी गोदाची व्हती, शिवनाची. तिला नको सांगू, बोथट कुनी केली ते अजून शोधत असंल."

तू सांगितलंस ते असं. पदूचा फोटो कधी निघालाच नव्हता. तो गेला त्यानंतर पाच वर्षांनी तू त्या घरात आलीस. सासू संध्याकाळी भाकऱ्या करताना तुलाच विचारायची, "पदूचं तोंड कसं व्हतं गं?" तू त्याला कधी पाहिलेलं नव्हतंस. आधी तुला वाटायचं ही खुळी झाली. मग कळलं, तिला त्याचा चेहरा आठवेनासा झाला होता आणि हे ती घरातल्या दुसऱ्या कुणाला सांगू शकत नव्हती. आईच ना ती. म्हणून परक्या घरून आलेल्या तुला विचारायची.

मग चंदरही गेला. दोघं भाऊ सारखे दिसत असं सगळेच म्हणत. सासू तुझा जोडीचा फोटो मांडीवर घेऊन बसायची. कधी त्याला चंदर म्हणायची, कधी पदू. पण भेटायला येणाऱ्या बाया फोटो बघून म्हणायच्या, "हा चंदर. ही बघ बाजूला सून उभी." असं कुणी म्हटलं की ती फोटो उलटा ठेवायची.

"माझ्यामुळं तो एकाचाच राहत व्हता," तू म्हणालीस. "मी बाजूला झाले, तवा दोघांचा झाला."

मी विचारलं, तुझा अर्धा भाग कुठे आहे? तू म्हणालीस, "चुलीत घातला. माझं थोबाड मला काय करायचंय? रोज धुते ना."

वाल्मिकआजोबांविषयी पण विचारलं. "त्याच्या डोक्याला तेल लावून मी शाळेत धाडत व्हते. त्याच्याशी कसला पाट? मी न्हाई म्हनले, सासू म्हनली बरं. तिनंच माझं दुसरं लगीन लावून मला हितं साजगावला धाडली. भांडन-बिंडन काय नाय झालं. भांडन नंतर लोकांनी केलं." असं असेल तर राजेशकाका माझ्यावर का खेकसतात? "तो सगळ्यांवर खेकसतो. कंपनीत युनियनला हाय."

इथपर्यंत मी सगळं मान्य केलं. माझी माफी फुकट गेली हेही मान्य केलं. मग मी म्हणाले, बरं, आता चंदर हे नक्की झालं. आणि तू म्हणालीस, "पदूचं नाव घाल."

आजी, मला राग आला तो अजून उतरलेला नाही. तुला ठाऊक आहे तो चंदर आहे. मला ठाऊक आहे. आणि मी दगडावर पदू लिहू? मी चांगल्या मार्कांनी इतिहासात पदवी घेतली आहे. खोटं खोडून काढायला शिकले, आणि पहिल्याच कामात खोटं कोरू?

तू म्हणालीस, "पदूला कोन हाय? बायको नाय, पोर नाय, फोटो नाय. ज्या आईला तोंड आठवत नव्हतं तीही गेली. त्याला तेवढं एक राहू दे."

"आणि चंदरआजोबांना?"

"चंदरचं तोंड मला पाठ हाय."

मग तू समिधाला म्हणालीस, बंद कर, बॅटरी जाते. मी ओरडले, सव्वीसला येणार का ते तरी सांग. तेव्हा तू म्हणालीस, "मी आले की लोक म्हंतील ही चंदरची बायको, मग हा चंदर. परत तेच. तू कर तुझं. आनि माझं नाव-बिव लावू नको."

मी काय करणार आहे ते मला माहीत नाही. परवा रूपेशला सांगायचं आहे. तू माझ्यावर हे टाकून मजेत झोपलीस. तुझ्या जागी मी असते तर मी फोटो कापला नसता. मी सगळ्या बायांना उठून सांगितलं असतं की आईला जे म्हणायचं ते म्हणू द्या. तू एवढं साधं का केलं नाहीस? सून होतीस म्हणून? की तुला तेच साधं वाटलं?

याचं उत्तर पाठव. अंगठा नको.

मेघा

*

२७ जानेवारी

आजी,

उत्तर आलं नाही. सवय झाली.

वीस तारखेला रूपेशच्या दुकानात गेले. त्याने कॉम्प्युटरवर फोटो लावून ठेवला होता, खाली रिकामी चौकट. "बोल ताई. कोण?" मी त्याला म्हणाले, जरा थांब. बाहेर येऊन उसाचा रस प्यायले. परत आत गेले. तो म्हणाला, "बोल ताई." मी म्हणाले, दोघांची नावं घाल आणि फोटो मधे. तो म्हणाला, "मग लोक विचारणार ना, कोणाचा. मलाच फोन करणार." खरं होतं ते. लोक विचारणार, मी एकाला सांगणार, तो दुसऱ्याला, आणि आठवड्यात तो पुन्हा चंदरआजोबांचा होऊन बसणार. तुझ्या सासूच्या मांडीवर झाला होता तसा.

मी म्हणाले, पदू.

रूपेशने टाइप केलं आणि विचारलं, "दूला दीर्घच ना?" आयुष्यात पहिल्यांदा त्याने शुद्धलेखन विचारलं, आणि तेही मी खोटं लिहायला लावत असताना.

पुढचं ऐक. पप्पांना कळलं. "मी काय म्हनत व्हतो? पदूच! तू बीए केलंस, मी टेंपो चालवतो, पन वळखला कुनी?" आठवडाभर हेच चाललं आहे. नाक्यावर, विहारात, भाजीवाल्याकडे. "पोरीनं चौकशी केली म्हनून नक्की झालं." मी तोंडात भात कोंबून गप्प बसते. याबद्दल मी तुला कधी माफ करीन असं वाटत नाही.

काल कार्यक्रम झाला. तू नव्हतीस. गाडीचा आवाज आला की मी रस्त्याकडे बघत होते, हे तुला सांगण्याची गरज नाही पण सांगते. झेंडावंदन झालं, त्रिशरण झालं, मिलिंदकाकांचं भाषण झालं, ते फार लांबलं. कापड ओढायला गोदाआत्याला पुढे केलं. दगडावर वरती पदूआजोबांचा चेहरा, खाली त्यांचं नाव, पासष्ट. त्याखाली नुसतं चंदरआजोबांचं नाव, एकाहत्तर. बाजूला जागा मोकळी. तुझं नाव कुठेही नाही. तू सांगितलंस म्हणून. मला ते पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

आत्याने दगडावर हात फिरवला. कानावर, मिशीवर. म्हणाली, "पदूच गं हा." ती एवढं हसली की मला तिच्या कात्रीचं सांगून टाकावंसं वाटलं. नाही सांगितलं.

लोक चहाला वळले. सुभेदार भालेराव तिथेच थांबले. त्यांनी दगडाला सलाम केला, मग चष्मा पुसून त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले.

"पोरी, काम चांगलं केलंस. पण या धाकट्याला बिनचेहऱ्याचा का ठेवलास? त्याचा फोटो नाही का मिळाला कुठे?"

पप्पा बाजूलाच होते. मिलिंदकाका होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणाले, "आहे. साजगावला आहे. पण ती कुणाला देत नाही."

मेघा